परत म्हणायची पद्धत

रोल्ला, शारजा
११ मे २०२५

प्रिय ममता,

तू फोन उचलत नाहीस, याबद्दल माझी तक्रार नाही. परवा तुझी आई म्हणाली, "जावईबापू, ती फोन नाही घ्यायची. पत्र टाकून बघा. वाचील, न वाचील, पण निदान मध्येच कट तर नाही करायची." म्हणून लिहितो आहे. आमचे गनीचाचा, तेच पिकअपवाले, त्यांचा भाचा गुरुवारी रत्नागिरीला चाललाय. तो लांज्याला उतरून तुमच्या घरी हे देईल. आधी कच्चं लिहिलं, मग पक्कं उतरवलं, म्हणून खाडाखोड दिसणार नाही. आयटीआय अर्धी राहिली तरी शुद्धलेखन राहिलं, असं तू मला चिडवायचीस.

मी बरा आहे. खोली तशीच आहे. उन्हाळा लवकर लागला. सकाळी गाडीत बसताना दाराच्या पत्र्याला हात लावता येत नाही इतका तो तापलेला असतो.

तू इथे होतीस तेव्हा मी माझं काम तुला कधी नीट सांगितलं नाही. कामावरचे नियम तेवढे घरी आणले. आता सांगतो, वाचायचं तर वाच.

आमचं स्टेशन मलिह्याच्या पुढे आहे. वाळूत तारेचं कुंपण, आत एक मोठी पांढरी थाळी, शेजारी दोन कंटेनर आणि एक जनरेटर. थाळी म्हणजे अँटेना. आकाशातून एक दुर्बीण फिरते, तिच्याशी या थाळीतून बोलायचं. दवाखान्यात हाडांचा फोटो काढतात ते क्ष-किरण तुला माहीत आहेत. तसेच किरण आकाशातूनही येतात, मेलेल्या ताऱ्यांकडून, फार तापलेल्या वायूकडून. पण आपली हवा त्यांना अडवते, ते जमिनीपर्यंत पोचतच नाहीत. म्हणून दुर्बीण हवेच्या वर नेऊन ठेवलेली. ती साधारण दीड तासात पृथ्वीची एक फेरी करते. आमच्या डोक्यावरून जाते तेव्हा दहाएक मिनिटं मिळतात. तेवढ्यात तिने जमवलेलं खाली उतरवून घ्यायचं आणि पुढचं काम वर पाठवायचं. ते काम परदेशातले शास्त्रज्ञ ठरवतात, अबू धाबीच्या ऑफिसातून अनुराधा मॅडम तपासतात, आणि मी व तन्मय ते वर चढवतो. तन्मय पुण्याचा, इंजिनिअर आहे. मी एसी दुरुस्तीला आलेला माणूस. नीट राहतो म्हणून आत बसवला.

दुर्बिणीचं खरं नाव मोठं आणि इंग्रजी आहे. गनीचाचा तिला बाई म्हणतात. "यल्ला, बाई यायची वेळ झाली, चहा ठेवा खाली." तूही तिला एक नाव ठेवलं होतंस. ते मी इथे लिहीत नाही.

गणपतीला रजा मिळेल असं वाटतं. अर्ज जूनअखेर द्यावा लागतो. लांज्याला येऊ का, एवढंच कळव. एका शब्दात कळवलंस तरी चालेल.

तुझा,
विघ्नेश

ता.क. मार्चमध्ये तुझा बीपी पुन्हा तपासायला सांगितला होता. तपासलास का? कागद कुठे ठेवलेस?


रोल्ला, शारजा
२९ मे

प्रिय ममता,

भाचा परत आला. म्हणाला, "भाभीने लिफाफा घेतला, चहा दिला, पोहे दिले." मी विचारलं, वाचलं का? तो म्हणाला, "माझ्यासमोर कसं वाचतील? फळीवर ठेवलं." म्हणजे फळीवर आहे. हेही पत्र तिथे ठेव, घाई नाही.

बीपीचं विचारायला नको होतं. पत्र बंद केल्यावर लक्षात आलं.

आता बाईचा दिवस कसा जातो ते सांगतो. तिचं काम म्हणजे एकाच जागी बघत राहायचं. तासन् तास. काही तारे इतके दूर आहेत की त्यांच्याकडून किरणांचे कण मूठमूठभर येतात, ते एकेक करून मोजायचे. मध्येच पृथ्वी आडवी येते, मग थांबायचं. पृथ्वी बाजूला झाली की पुन्हा बघायचं. सूर्य कायम पाठीशी ठेवायचा, त्याच्याकडे तोंड करायचं नाही. ब्राझीलच्या बाजूला आकाशात एक पट्टा आहे, तिथे वीज भरलेल्या कणांचा मारा असतो. तिथून जाताना कॅमेऱ्याचा व्होल्टेज उतरवायचा, पट्टा संपला की चढवायचा. कधी उतरवायचा, कधी चढवायचा, हे सगळं आम्ही पाठवलेल्या फाईलमध्ये असतं. मग ती वळते आणि दुसऱ्या जागी बघत बसते. यात नवीन काही घडत नाही. नवीन काही घडू नये, हेच आमचं काम.

त्यासाठी पद्धत आहे. एकाने वाचायचं, दुसऱ्याने स्क्रीनवर बघून परत म्हणायचं, मग बटण. तन्मय म्हणतो, "फाईल एकसष्ट." मी म्हणतो, "फाईल एकसष्ट." तो म्हणतो, "थाळी मोकळी." मी म्हणतो, "थाळी मोकळी." परत म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. गनीचाचा दारात उभे राहून ऐकतात. म्हणतात, "कंपनीने दोन पोपट पाळलेत, पेरू मात्र आम्ही आणायचा."

ही पद्धत घरात कधी शिरली ते मला सांगता येणार नाही. सुरुवातीला तुला गंमत वाटली होती. मी म्हणायचो, गॅस? तू म्हणायचीस, "गॅस बंद, साहेब." किल्ली? "किल्ली पर्समध्ये, साहेब." मग साहेब गेलं. मग नुसतं हं. मग तू बोलायचीच बंद झालीस, आणि मी उत्तराची वाट बघत उभा राहायचो, कारण उत्तराशिवाय पाऊल उचलायची सवय राहिली नव्हती. एकदा आपण दोघं दारातच उभे होतो आणि लिफ्ट येऊन गेली. आठवतं? तेव्हा लिफ्ट चालू होती. ती बंद पडली ती नंतर, जानेवारीत.

लिफ्टचं राहू दे.

मागच्या पत्रात खोली तशीच आहे असं लिहिलं, ते खरं नाही. खोली मी एप्रिलमध्येच सोडली. एकट्याला तिचं काय करायचं? आता बँकेमागच्या इमारतीत बेडस्पेस घेतली आहे, एका खोलीत सहा जण. तुझा कुकर शेजारच्या मल्याळी वहिनींना दिला. रंगाच्या डब्यातलं कढीपत्त्याचं रोप स्टेशनवर नेलं. एसीचं पाणी जिथे ठिबकतं तिथे ठेवलंय, गनीचाचा बघतात. जगेल असं म्हणतात.

आणखी एक. तू मार्चमध्ये गेलीस, म्हणजे सप्टेंबरात सहा महिने होतील. मग तुझा इथला व्हिसा आपोआप संपतो. मी घाई करत नाही. तुला ठाऊक असावं म्हणून लिहिलं.

येऊ का, ते अजून कळलं नाही.

विघ्नेश


रोल्ला, शारजा
१३ जून

प्रिय ममता,

हे पत्र कच्चं न लिहिता सरळ लिहितो आहे. खाडाखोड असेल तर माफ कर.

ईदला स्टेशनवर आम्ही तिघंच होतो. गनीचाचांनी घरून मटण आणलं होतं. तन्मय शाकाहारी, म्हणून त्याला वेगळी खीर. जेवण झालं, बाई आली, आम्ही फाईल चढवली, ती गेली. सगळं नेहमीसारखं. पुढच्या फेरीत तिने जमवलेलं खाली आलं तेव्हा तन्मय खुर्चीतून पुढे सरकला. "अरे, हे काय आहे?"

चित्रात एक मोठा झगमगाट दिसत होता. एका क्षणाचा. आणि त्यानंतर कॅमेऱ्याच्या एका बाजूच्या काही ओळी पांढऱ्याच्या पांढऱ्या. काही बघत नव्हत्या, नुसत्या पेटलेल्या.

तन्मयने अबू धाबीला फोन लावला. तिथून परदेशात. अर्ध्या तासात हुकूम आला, कॅमेरा बंद करा. बंद करायची आज्ञा आम्हीच चढवली. तन्मयने वाचली, मी परत म्हटली. त्या वेळी मी प्रत्येक अक्षर बघून म्हटलं. पण त्याच्या आधीच्या फेरीत?

हाच प्रश्न आहे. व्होल्टेज उतरवायच्या वेळा त्या फाईलमध्ये असतात. समज, आम्ही आदल्या दिवशीचीच फाईल पुन्हा चढवली, तर वेळा चुकणार आणि त्या पट्ट्यातून जाताना कॅमेरा उघड्या डोळ्यांनी जाणार. मग ओळी जळतात. असं होऊ शकतं का, हे मला नक्की माहीत नाही. पण मला दुसरं काही सुचत नाही.

मी तन्मयला विचारलं, "नंबर बघितला होतास ना?"

"मॅच होता रे."

"तुला आठवतं?"

"आठवतं म्हणजे? होता म्हणजे होता. चिल मार ना."

"मी बघून म्हटलं की सवयीने म्हटलं?"

"ते तुला माहीत, मला कसं माहीत असणार?" मग त्याने कंटेनरचं दार ओढून घेतलं. म्हणाला, "विघ्नेश, हा प्रश्न तू मॅडमसमोर स्वतःहून काढू नकोस, प्लीज."

वेगवेगळ्या सर्व्हरवरच्या नोंदी तपासायला वेळ लागणार. ईदमुळे निम्मी माणसं सुट्टीवर आहेत. तोपर्यंत बाई फिरते आहे, पण काही बघत नाही. फेऱ्या तशाच होतात, थाळी वळते, चहा होतो, आम्ही वाचतो, परत म्हणतो, आणि खाली काही येत नाही.

जेवण जात नाही. बेडस्पेसमधले विचारतात, काय झालं, गावाला कोणी आजारी आहे का? मी म्हणतो, नाही.

माझी चूक निघाली तर नोकरी जाईल. मग गणपतीला येऊ का, हे विचारायची गरजच उरणार नाही, कायमचाच येईन. पण तसं यायचं नव्हतं मला.

विघ्नेश


रोल्ला, शारजा
२५ जून

प्रिय ममता,

शनिवारी अनुराधा मॅडम स्वतः स्टेशनवर आल्या. अबू धाबीजवळच्या मोहम्मद बिन झायद सिटीहून इतक्या लांब गाडी चालवत, बरोबर त्यांची मुलगी आभा. घरी सांभाळायला कोणी नव्हतं म्हणे. मुलगी कंटेनरमध्ये आली, स्क्रीनकडे बघून म्हणाली, "मम्मा, इज इट ब्रोकन?" मॅडम म्हणाल्या, "मराठीत विचार." ती म्हणाली, "मम्मा, ते ब्रोकन आहे?" गनीचाचा तिला कढीपत्ता दाखवायला बाहेर घेऊन गेले.

मॅडमनी आम्हाला वेगवेगळं बसवलं. आधी तन्मय, मग मी. त्या रागावल्या नव्हत्या. आवाज मऊ होता, पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली.

"त्या दिवशी झोप झाली होती?"

"झाली होती, मॅडम."

"सकाळपासून काय काय केलंस ते क्रमाने सांग."

मी सांगितलं.

"फाईल कोणी वाचली?"

"तन्मयने."

"परत कोणी म्हटली?"

"मी."

"बघून?"

मी म्हटलं, बघूनच म्हटली असणार. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, "बरं. पुन्हा एकदा सुरुवातीपासून सांग. जेवणाच्या आधीपासून." मी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी विचारलं, जेवण झाल्यावर लगेच बसलात की मध्ये उठला होता? काही जड सामान हलवलं का? कोणती केबल? मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी त्याच मऊ आवाजात विचारलं, "नीट आठव, त्या दिवशी नेहमीपेक्षा वेगळं असं काही केलंस का?"

मी म्हटलं, "मी काही केलं नाही हो, मॅडम."

त्या म्हणाल्या, "विघ्नेश, तू केलंस असं मी म्हणालेच नाही."

ममता, त्यानंतर त्यांनी काय विचारलं ते मी ऐकलंच नाही.

तू स्वयंपाकघराच्या दारात उभी होतीस. हातात दुधाचं पातेलं होतं, ते तू खाली ठेवलं नव्हतंस. पोटातलं बाळ गेलं होतं, हॉस्पिटलमधून आल्याला आठवडाही झाला नव्हता. मी पलंगावर बसून विचारत होतो, आणि माझाही आवाज मऊच होता. लिफ्ट बंद असताना जिने किती वेळा चढलीस? पाण्याचा कॅन कोणी उचलला? त्या दिवशी गोळी जेवणाआधी की नंतर? क्रमाने सांग. आणि तू म्हणालीस, "मी काही केलं नाही हो." आणि मी काय म्हणालो तेही तुला आठवत असेल. मी म्हणालो, "तू केलंस असं मी म्हणालोच नाही."

तेच शब्द. एक मागे नाही, एक पुढे नाही.

मला वाटत होतं मी मदत करतो आहे. आमच्याकडे फेरी हुकली की असंच करतात, कारण सापडलं की पुढच्या वेळी काळजी घेता येते. पुढच्या वेळी, असंच माझ्या डोक्यात होतं. त्या खुर्चीत बसल्यावर कळलं की समोरचा कितीही हळू बोलला तरी काय होतं. मी न केलेल्या गोष्टीसुद्धा मला केल्यासारख्या वाटायला लागल्या होत्या. तुलाही वाटल्या असतील. तू काही दिवस कॅनला हात लावत नव्हतीस, ते मला तेव्हा दिसलं, पण मी त्याचा अर्थ वेगळा काढला. म्हटलं, चला, हिला पटलं.

मॅडम निघाल्या तेव्हा आभाच्या हातात कढीपत्त्याची डहाळी होती. गनीचाचांनी दिली. तुझ्या रोपाची पानं दिली म्हणून तुला राग नाही ना?

रजेचा अर्ज उद्या द्यायचा आहे. तुझं उत्तर नाही.

विघ्नेश


रोल्ला, शारजा
१४ जुलै

प्रिय ममता,

चौकशी संपली.

मॅडमनी फोन केला तेव्हा मी थाळीच्या पायाशी ग्रीस लावत होतो. दुपारी बाहेरचं काम बंद असतं, म्हणून सकाळीच उरकत होतो. त्या म्हणाल्या, "विघ्नेश, फाईल बरोबर होती. वेळा बरोबर होत्या. व्होल्टेज वेळेवर उतरला होता, वेळेवर चढला होता. आणि झगमगाट झाला तेव्हा दुर्बीण त्या पट्ट्यात नव्हतीच, हिंदी महासागरावर होती."

मी विचारलं, "मग काय झालं होतं?"

"धुळीचा कण. अवकाशात फिरत असतात. दुर्बिणीच्या आरशांमधून घसरत आत आला आणि थेट कॅमेऱ्यावर आदळला. दिसणारही नाही एवढासा."

"थांबवता आला असता का?"

"नाही."

"आधी कळलं असतं तर?"

"कळत नाही. विघ्नेश, ऐक. त्या दिवशी तुम्ही सगळं बरोबर केलंत आणि तरी हे झालं. कोणाचंच काही चुकलेलं नाही. आता हे बंद कर डोक्यात. खलास."

मी म्हटलं, "कोणाचंच काही चुकलेलं नाही." सवयीने परत म्हटलं. त्या हसल्या बहुतेक.

मग मी तिथेच वाळूत बसलो. गनीचाचांना वाटलं नोकरी गेली. धावत आले, "काय झालं रे? टिकट काढायचं का?" मी सांगितलं, काही नाही, धूळ होती. ते म्हणाले, "धूळ? या मुलखात धुळीला घाबरून एवढे दिवस उपाशी राहिलास? ऊठ. बाई यायची वेळ झाली."

आता मी एक गोष्ट लिहितो, ती मी आधीच्या पत्रांत लिहायचं टाळलं. हॉस्पिटलमधल्या त्या इजिप्तच्या डॉक्टरबाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं. हिंदी मोडकंतोडकं होतं, पण समजलं होतं मला. म्हणाल्या, "किसी का गलती नहीं. सीढ़ी नहीं, काम नहीं, खाना नहीं. बस, हो जाता है." तुला मी घरी आल्यावर म्हणालो, डॉक्टरांनी नीट काही सांगितलं नाही. मला ते पुरेसं वाटलं नव्हतं. कारण नाही, असं उत्तर मला चालत नव्हतं. कारण नसेल तर माणसाने काय तपासायचं? म्हणून मी तुला तपासत राहिलो.

तर आता लिहून देतो. जिन्यामुळे नाही. कॅनमुळे नाही. गोळीमुळे नाही. तू काही केलं नाहीस. हे मला फेब्रुवारीतच माहीत होतं. तुला आज कळतं आहे, एवढा उशीर माझा.

कॅमेऱ्याचं काय झालं तेही सांगतो, म्हणजे अर्धवट राहायला नको. तो पुन्हा चालू केला. ज्या ओळी गेल्या त्या गेल्याच, दुरुस्तीला तिथे कोणी जाऊ शकत नाही. शास्त्रज्ञांनी ठरवलं की तेवढ्या ओळी सोडून द्यायच्या. बघायची जागा थोडी बाजूला घ्यायची, म्हणजे तारा त्या ओळींवर पडणार नाही. बाकी कॅमेरा चांगला आहे. पहिल्या दिवशी खाली आलेलं चित्र मी पाहिलं. एका बाजूला काळी पट्टी, उरलेल्यात कण येताहेत, एकेक. तन्मय म्हणाला, "वर्क्स फाइन." मला ती पट्टी दिसत राहिली. तशी ती दिसणारच. कोणी ती झाकलेली नाही.

रजा मंजूर झाली आहे. तुझ्या उत्तराशिवाय अर्ज दिला, कारण आईकडे तरी जावंच लागेल. लांज्याला तू बोलावल्याशिवाय येणार नाही. राजापूरला आईकडेच असेन.

या पत्राला ता.क. नाही.

विघ्नेश


रोल्ला, शारजा
९ ऑगस्ट

प्रिय ममता,

काल गनीचाचांचा भाचा पुन्हा रत्नागिरीहून आला. फणसाचे तळलेले गरे, कोकमाची बाटली, आणि बाटलीभोवती गुंडाळलेला तुझा कागद. कागदाला कोकमाचा डाग पडलाय, पण सगळं वाचता येतं. मी तो गाडीत वाचला, मग स्टेशनवर वाचला, मग थाळीच्या सावलीत. गनीचाचा म्हणाले, "किती वेळा वाचतोस? नंबर चुकला काय?" मी म्हटलं, बघून वाचतोय.

तू चारच ओळी लिहिल्या आहेस. आमच्या पद्धतीने त्या परत म्हणतो. तुला उलट काही म्हणायची गरज नाही, या वेळी परत म्हणायचं काम माझं आहे.

तू लिहिलंस, गणपतीच्या आदल्या दिवशी या, आडवली स्टेशनवर दादा बाईक घेऊन येईल.
आदल्या दिवशी येतो. आडवलीला उतरतो.

तू लिहिलंस, कढीपत्ता तिथेच राहू दे, इथे पावसात कुजेल.
कढीपत्ता इथेच राहील.

तू लिहिलंस, सप्टेंबरचं मला आत्ता ठरवता येत नाही.
सप्टेंबरचं आत्ता ठरवायचं नाही.

तू लिहिलंस, या, पण आल्यावर मला काही विचारू नका.
येतो. आल्यावर तुला काही विचारणार नाही.

विघ्नेश